आठवणीपूर्वीची वर्षं

माणूस आपल्या आयुष्याची गोष्ट सांगायला बसतो तेव्हा ती मधूनच सुरू होते. आजोळचं अंगण, बालवाडीतला एखादा चेहरा, पावसात वाहून गेलेली चप्पल, असं काहीतरी तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनचं. त्याआधीचं काही सांगता येत नाही. ज्या वर्षांत आपण मान धरली, पालथे पडलो, रांगलो, भिंतीला धरून उभे राहिलो, पहिला शब्द बोललो, ती वर्षं आपल्याकडे नाहीत. आपल्यासाठी कुणीतरी सर्वांत जास्त राबलं आणि सर्वांत कमी झोपलं ते याच वर्षांत. ती वर्षं दुसऱ्याच कुणालातरी आठवतात. बहुतेकांच्या बाबतीत आईला.

म्हणून आई जाते तेव्हा तिच्याबरोबर आणखी कुणीतरी जातं. तिच्या आठवणीत राहणारं, फक्त तिथेच राहणारं आपलं तान्हेपण जातं. पुढच्या आयुष्याला साक्षीदार पुष्कळ मिळतात. शाळेतले मित्र असतात, बायको असते, कामावरचे सोबती असतात. पहिल्या तीन वर्षांना साक्षीदार एक किंवा दोन. ते गेले की त्या वर्षांबद्दल विचारायचं कुणाला?

माझी आई गेल्या श्रावणात गेली. बाबा आधीच गेले होते. माझी लेक तेव्हा वर्षाची व्हायला आली होती.

दहाव्याला माणसं जमली आणि रीतीप्रमाणे एकेकाने तिची आठवण काढली. धाकट्या दिराचं लग्न तिने कसं निभावून नेलं, घर बांधायला काढलं तेव्हा स्लॅबवर पाणी मारायला भर उन्हात तीच कशी उभी असायची, कुणाच्या मयताला आणि कुणाच्या पाचवीला ती कधी चुकली नाही. सगळं खरं होतं. ऐकताना ऊर भरून येत होता. पण त्या मंडपात बसलेल्या एकालाही त्या रात्री माहीत नव्हत्या, ज्या रात्री मी रडत होतो आणि ती एकटी जागी होती. मलाही माहीत नव्हत्या. तिच्या आयुष्यातलं बहुधा सर्वांत कष्टाचं काम सांगायला त्या दिवशी तिथे कुणीच नव्हतं.

ही विसर पडण्याची गोष्ट माझ्या एकट्याची नाही, माणसाच्या जातीचीच आहे. फ्रॉइडने १९०५ साली लिहिलेल्या निबंधांत या बाल्यविस्मृतीबद्दल नवल केलं आहे. टोरोंटोच्या बालरुग्णालयातल्या संशोधकांनी २०१४ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून त्याचं एक कारण पुढे आणलं. आठवणी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात, हिप्पोकॅम्पसमध्ये, तान्ह्या वयात नव्या पेशी झपाट्याने तयार होत असतात, आणि त्या नव्या जोडण्यांत जुन्या आठवणींची वाट मोडते. वाढ आणि विसर एकाच क्रियेची दोन टोकं आहेत. मूल वाढतं म्हणूनच विसरतं. आईने भरवलेल्या घासातूनच वाढ होते, आणि त्या वाढीतच आईने भरवल्याची आठवण हरवते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. इतकं निखळ देणं दुसरं कुठलं असेल? घेणाऱ्याला ते आठवणारच नाही, ही निसर्गानेच घालून दिलेली अट. आणि ती माहीत असून किंवा नसून, पिढ्यान् पिढ्या देणाऱ्यांनी हात आखडता घेतलेला नाही.

माझं गाव रोडपाली. ते कुठे, असं कुणी विचारलं तर आता कळंबोलीला लागून म्हणून सांगावं लागतं. एका अंगाला लोखंड-पोलादाचा बाजार आणि ट्रेलरच्या रांगा, पलीकडे तळोज्याची एमआयडीसी, जवळच पुण्याला जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचं तोंड. उंच इमारतींच्या सेक्टरांच्या मधोमध गावठाण. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. आमचं गाव त्यातलंच. माझी आई या गावात सून म्हणून आली तेव्हा घरापासून खाडीपर्यंत भाताची शेतं होती. ती गेली तेव्हा खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे दिसत होते.

आई तारखेने कधी बोलली नाही, घटनेने बोलायची. मी जासईच्या सालचा. म्हणजे १९८४. त्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर उरणकडे, जासईच्या परिसरात, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क या भागाला मिळाला तो त्या लढ्यातून. दरवर्षी त्या दोन दिवशी हुतात्म्यांना अभिवादन होतं आणि ते व्हायलाच हवं. आई तेव्हा पोटुशी होती. त्याच वर्षीच्या पावसात मी जन्मलो.

त्या पावसाबद्दल आणि पुढच्या वर्षांबद्दल तिने सांगितलेलं माझ्याजवळ थोडं आहे. दुपटी वाळायची नाहीत म्हणून चुलीच्या वर दोरी बांधली होती, त्यामुळे माझ्या अंगाला कायम धुराचा वास यायचा. रात्री मी फक्त तिच्या डाव्या खांद्यावर झोपायचो, उजव्यावर घेतलं की जागा व्हायचो. एकदा ताप उतरेना म्हणून ती मला पदराखाली घेऊन चिखलातून कळंबोलीच्या फाट्यापर्यंत चालत गेली आणि तिथून एसटीने पनवेलला डॉक्टरकडे. माझा पहिला शब्द ‘कावला’ होता. कौलावर कावळा बसला होता आणि मी बोट दाखवलं होतं. हे सगळं ती सांगायची आणि वर हसून म्हणायची, “तुला काय आठवनार हाय? तवा तू एवढासा व्हतास.” आणि हाताची वीत करून दाखवायची.

एवढंच. तीन वर्षांतलं एवढंच माझ्या वाट्याला आलं. बाकीच्या रात्री, बाकीचे घास, बाकीची रडणी तिच्याबरोबर गेली.

आमच्या खाडीकाठच्या गावांना एक काम पिढ्यांपासून माहीत आहे. खारबंदिस्तीचं. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून चिखलमातीचा बांध घालायचा, पावसाचं गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला त्यात उघाडी ठेवायची, आणि मग तो बांध वर्षानुवर्षं राखायचा. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्रींनी, म्हणजे बांध घालणाऱ्या जमीनधारकांनी, या खाजण जमिनी अशा उठवल्या होत्या. खारट जमिनीत तग धरणारं रत्त्यासारखं भात इथल्या शेतकऱ्यांनी जपलं. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने याच गुणाचे नवे वाण तयार केले. पण वाण कुठलाही असो, सगळं उभं असायचं त्या बांधावर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या आधी बांधावरून फेरी मारायची. खेकड्याने बीळ केलेलं दिसलं की चिखलाचा गोळा दाबून ते बुजवायचं. माती खचली असेल तिथे भर टाकायची. हे काम संपलं असं कधी म्हणता यायचं नाही, कारण भरती दिवसातून दोनदा यायची. एकदा दुर्लक्ष झालं की खांड पडायची, खारं पाणी आत यायचं, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे त्या शेतातलं मीठ धुऊन जायला लागायचे.

राखलेला बांध कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. येणारा-जाणारा पाहतो ते भात. बांध दिसतो तो फुटल्यावर.

मूल वाढवण्याचं काम याच जातीचं आहे. त्याचं यश म्हणजे काहीतरी न घडणं. ताप डोक्यात गेला नाही. उंबऱ्यावरून मूल पडलं नाही. शेंगदाणा नाकात गेला नाही. गरम चहाच्या कपाकडे गेलेला हात अर्ध्या वाटेत धरला. बाळ भुकेलं झोपलं नाही, ओल्या दुपट्यात झोपलं नाही, घाबरून एकटं झोपलं नाही. न घडलेल्या गोष्टींची वही कुणी ठेवत नाही. घडतं ते मूल, धडधाकट, हसतं-खेळतं, आणि लोक म्हणतात, किती गुणी पोर आहे. त्या पोराभोवती दिवसातून कितीदा फेरी मारून कोण बिळं बुजवत होतं हे पोरालाही कळत नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या माणसांची काळजी घेण्याचं काम करतात, पुरुष २१.४ टक्के. करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सुमारे १४० मिनिटं घालवतात, पुरुष ७४. हे आकडे महत्त्वाचे आहेत, कारण निदान आता कुणीतरी मोजतंय. त्या मोजणीची पद्धत मात्र मला जास्त बोलकी वाटली. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण पाडायचे, आणि प्रत्येक खणात दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेलं काम लिहायचं. मोजायचं तर कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण तान्ह्या बाळाच्या कामाचा मोठा वाटा त्या दहा मिनिटांच्या आतला असतो. नाक पुसणं, तोंडातला खडा काढणं, झोळीला एक झोका देणं, स्वयंपाकाच्या मधेच उठून पाहून येणं, रात्री श्वास नीट चाललाय ना म्हणून छातीवर हात ठेवणं. दिवस अशाच कामांचा बनलेला असतो आणि ती सगळी रकान्याबाहेर राहतात.

साहित्यातही ती फारशी आलेली नाहीत. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. मराठी घराला आईकडे पाहण्याची नजर त्या पुस्तकाने दिली. गुरुजींची आई १९१७ सालीच गेली होती. इतक्या वर्षांनी, कोठडीत, मुलाने तिचा एकेक संस्कार आठवून लिहिला. पण त्या पुस्तकातल्या रात्रींतला श्याम चालता-बोलता आहे. पोहायला घाबरणारा, रुसणारा, हट्ट करणारा आहे. त्याला आठवतं तिथून आई सुरू होते. त्याच्याआधी तान्ह्या श्यामला मांडीवर घेऊन बसलेली बाई त्या पुस्तकाच्या बाहेर आहे, आणि ती बाहेर राहणं अटळच होतं. मुलाने लिहिलेल्या कुठल्याही आईच्या चरित्रात ती येऊ शकत नाही. तिच्याबद्दल सांगायला फक्त तीच असते.

आणि तिने सांगितलंही आहे. जात्यावर. पहाटेच्या अंधारात, मांडीवर किंवा शेजारी निजलेलं मूल, हातात खुंटा, आणि तोंडी ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भाऊ आहे, माहेर आहे, विठ्ठल आहे, राम-सीता आहेत, आणि तान्ही बाळंही आहेत. त्याचं जावळ, त्याचं रांगणं, त्याला लागणारी दृष्ट. मुलांना जे आठवणार नव्हतं ते आयांनी गाऊन ठेवलं. पीठ त्याच दिवशी संपलं, ओवी राहिली. आमच्याकडे लग्नात धवलारीण धवले गाते, पाचवीला सटवाईची पूजा होते आणि ती बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते असं म्हणतात. सटवाई एका रात्रीत लिहून जाते. नंतरच्या हजार रात्री कुणी जागायच्या हे मात्र तिच्या लिहिण्यात नसतं.

आई आजारी पडण्याआधी लेकीला अंघोळ तीच घालायची. मी वरून पाणी ओतायला असायचो, कारण या कामाला एक माणूस पुरत नाही. ती मोरीत पाटावर बसायची, लुगडं गुडघ्याच्या वर खोचायची आणि पाय लांब करायची. दोन्ही पायांच्या मधे जी खोलगट जागा होते तीत पोरीला आधी पालथं घ्यायची. पाण्याचा अंदाज ती बोटाने घेत नसे. बोटं चुलीला सरावलेली, त्यांना कढत पाणीही कोमट वाटतं, असं ती सांगायची. म्हणून कोपर बुडवायची. मग डाळीचं पीठ आणि दूध लावून पाठीवरून हात खाली यायचा, अंगठे मणक्याच्या दोन बाजूंनी, एकसारखे, कुठेही घाई नाही. उताणं घेतल्यावर डोकं डाव्या तळव्यात. पाणी डोक्यावरून येताना उजवा हात कपाळावर आडवा धरायचा, म्हणजे पाणी डोळ्यांत न जाता कानामागून निघून जातं. मी पाणी जास्त जोरात ओतलं की म्हणायची, “मान सांबाल, मान!” हे मला उद्देशून होतं की स्वतःच्या हाताला, कोण जाणे. शेवटचा तांब्या पोरीवरून ओवाळायचा आणि मग ओतायचा. जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळून टाळूवर तेल जिरवायचं. अंघोळीनंतर ती धुरी द्यायची; डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं, तिने दुसऱ्या दिवसापासून बंद केली आणि तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी पोटाला शेकायला घेतली.

पाणी ओतता ओतता मी ते हात पाहत होतो. आणि एका सकाळी कळलं की मी जे पाहतोय ते माझंच आहे. याच पायांवर मी निजलेलो होतो. हाच तळवा माझ्या डोक्याखाली होता. माझ्या कपाळावर हाच हात आडवा आला होता म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी गेलं नाही. जे मला कधीच आठवणार नव्हतं ते माझ्यासमोर, दिवसाउजेडी, पुन्हा घडत होतं. माणसाला आपलं तान्हेपण पाहायची संधी आयुष्यात एकदाच मिळते, आपलं मूल तान्हं असताना आणि आपली आई धडधाकट असताना. दोन्ही एका वेळी जमून यावं लागतं. माझ्या बाबतीत ते थोडे महिने जमून आलं.

म्हणूनच म्हणतो, मुलाच्या रोजच्या कामात अर्थ शोधायला फार लांब जावं लागत नाही. लोक म्हणतात, मुलं मोठी होतील, नाव काढतील, म्हातारपणी बघतील. त्या आशा चुकीच्या नाहीत, पण त्या सगळ्या पुढच्या काळातल्या आहेत. रात्री तीन वाजता रडणाऱ्या पोरीला खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालताना त्यांतली एकही कामाला येत नाही. तेव्हा मला एकच गोष्ट धरून ठेवते. या क्षणी या जिवाच्या आयुष्यात जे चाललंय त्याची नोंद माझ्याशिवाय कुठेही होत नाहीये. तिला हे आठवणार नाही. म्हणजे हे तिच्या वतीने आठवण्याचं काम माझ्याकडे आलेलं आहे. मी थकलेला असतो, सकाळी कामावर जायचं असतं, समोरच्या रस्त्यावरून ट्रेलर धडधडत जात असतात. आणि तरी त्या येरझाऱ्यांना वजन असतं. घास भरवणारा आणि पाहणारा एकच असतो, आणि त्यातलं पाहण्याचं काम भरवण्याइतकंच मोलाचं आहे. कुणाच्याही नजरेत न येता माणूस जगात येऊ नये, एवढ्यासाठी निसर्गाने मुलामागे कुणालातरी जागं ठेवलेलं आहे.

आई, तू गेलीस तेव्हा पोर पलंगाशी आली होती आणि तुझ्या बांगडीशी खेळत होती. तिला काही कळलं नाही. पुढेही कळणार नाही. तू तिला केलेलं सगळं तिच्या त्या न आठवणाऱ्या वर्षांत गेलं. मला केलेलं गेलं तसंच. तू दोनदा तेच काम केलंस, दोन्ही वेळा अशा जिवासाठी, ज्याला ते कधीही सांगता येणार नाही. येल विद्यापीठातल्या लोकांनी २०२५ साली जाग्या बाळांच्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन पाहिलं. त्यांना दिसलं की साधारण वर्षाच्या बाळाच्या मेंदूत आठवण तयार होत असते. पुढे ती हाती लागत नसावी, इतकंच. तुला हे सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, त्यात काय, पोरांना सगळं कळतं. तू त्या कळण्यावर भरवसा ठेवून बोलत होतीस तिच्याशी. तांब्यागणिक एकेक शब्द. पाणी, कान, टाळू, पाय. आता ती ‘पाय’ म्हणते आणि स्वतःचे पाय पुढे करते. हा शब्द तिला तू दिलास. तिच्या तोंडी तो रोज येतो, आणि कुणी दिला हे मी सोडून कुणाला माहीत नाही.

आता अंघोळ मी घालतो, बायको पाणी ओतते. माझे पाय आईच्या पायांपेक्षा हाडकुळे आहेत, पण पोर मोठी झाली आहे, बसून अंघोळ करते, तिला फारसं अडत नाही. कोपराने पाणी बघायची सवय मला लागली आहे. कपाळावर हात आडवा धरायचा हेही हाताला आता सांगावं लागत नाही.

गावात माझ्या वयाचे पुष्कळ जण मला भेटतात. कुणाचे आईबाप अजून आहेत, दुपारी ओटीवर बसलेले असतात. इथली जमीन गेली, खारबांध गेले. भरतीचं पाणी आता सिडकोच्या धारण तलावांनी आणि त्यांच्या झडपांनी रोखायचं असतं. बांधावरून फेरी मारणारी माणसं एकेक करून संपत चालली आहेत. त्या पिढीकडे शेतांची, उधाणांची, आंदोलनाची आठवण आहे, ती लोक विचारतात, लिहूनही घेतात. त्याच माणसांकडे आपापल्या मुलांच्या पहिल्या तीन वर्षांचीही आठवण आहे. मी कसा रडायचो, काय खायचो, कशाला घाबरायचो, कुणाच्या खांद्यावर झोपायचो, एवढं विचारायला कुठलंही निमित्त लागत नाही. माझ्या मित्रांना मी हल्ली हेच सांगतो. चहा पिता पिता विचारा. ते सांगतील, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येईल ते पाहून तुम्हाला कळेल की त्या कामाचं मोल त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांना ते तेव्हाही माहीत होतं.

माझ्यापुरतं मी एक काम हाती घेतलं आहे. लेक झोपायच्या आधी मी तिला आजीची एक गोष्ट सांगतो. मोठ्या गोष्टी नाहीत. आजी तुझं पाणी कोपराने बघायची. आजी तुला धुरी द्यायची, मग डॉक्टरांनी सांगितलं म्हणून थांबली. आजी तुझ्या पायाला पाय म्हणायची. आज तिला यातलं निम्मं कळतं, निम्मं नाही. दहा वर्षांनी ती विचारेल, आजी मला ओळखायची का, आजी माझ्याशी काय बोलायची? तेव्हा मला गोळाबेरीज सांगून चालणार नाही. आजीचं प्रेम होतं, असं तर कुणीही सांगेल. तिला तो तळवा, तो आडवा हात, तो शेवटचा ओवाळलेला तांब्या सांगावा लागेल, आणि तो चुकता कामा नये. बाप म्हणून माझ्याकडे जी कामं आहेत त्यांतली बरीचशी वेळ पडली तर दुसरं कुणी करेल. हे एक काम माझ्याशिवाय कुणालाही करता येणार नाही, आणि ते मी करणार आहे.